गाणाऱ्याचा कान

सप्ताहाची पत्रिका हातात आली की मी ती शेवटून वाचायला लागतो. वर कीर्तनकारांची नावे त्यांच्या गावांसह. मग मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी, चोपदार. मग रोजच्या पंगतीचे अन्नदाते. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, मंडपवाल्याच्या शेजारी एक ओळ. जुन्या पत्रिकांत ती 'ध्वनिक्षेपक व्यवस्था' अशी असे. पुढे 'लाऊडस्पीकर' झाली, मग 'साउंड सिस्टीम', आणि आता 'साउंड व लाइव्ह'. वरणगाव-भुसावळ परिसरातल्या अशा पत्रिका मी बरीच वर्षे जपून ठेवत आलो आहे. कीर्तनाचा क्रम त्यांत फारसा बदललेला दिसत नाही. बदलत गेली ती ही शेवटची ओळ.

या ओळीमागे एक इतिहास आहे. आपल्याकडे ध्वनिक्षेपकाबद्दल जे काही लिहिले गेले, ते बहुतेक आवाज मोठा कसा झाला याबद्दल. सभा मोठ्या झाल्या, पुढारी लाखोंपर्यंत पोचले, रात्रीची झोप गेली, न्यायालयाला लक्ष घालावे लागले, हे सगळे खरेच आहे. पण आवाज नुसता मोठा होत नाही, तो वाटलाही जातो. कोणाच्या वाट्याला कोणता आवाज किती यावा, हा प्रश्न मोठेपणाच्या प्रश्नाहून जुना आहे. आजच्या डिजिटल मिक्सरवर 'ऑक्स' आणि 'मॅट्रिक्स' नावाच्या ज्या दोन सोयी असतात, त्या या जुन्या प्रश्नाचीच उत्तरे आहेत. माझे म्हणणे असे की, माईक आल्यावर गाणाऱ्याचा स्वतःचा कान आपण हिरावून घेतला आणि तो त्याला परत मिळायला काही दशके लागली. खेड्यापाड्यांतल्या कलावंतांना तर तो अजूनही पुरता मिळालेला नाही.

मागे उभे राहणारे

माईक नव्हता तेव्हा गाणारा स्वतःला कसा ऐकत असे? याचे उत्तर आपल्या लोककलांच्या उभे राहण्याच्या रीतीत आहे.

शाहिराचा पोवाडा घ्या. शाहीर डफ घेऊन पुढे, आणि त्याच्या मागे तुणतुणे व झांज घेतलेले झीलकरी. झील धरणे म्हणजे शाहिराच्या शेवटच्या शब्दांना वरच्या पट्टीत साथ देणे, एवढेच आपण समजतो. श्रोत्याच्या बाजूने ते बरोबरही आहे. पण झीलकरी मागेच का उभे राहतात? शाहिराच्या कानापासून ते हात-दोन हातांवर असतात. तुणतुण्याचा एकच स्वर त्याच्या मानेमागे सतत वाजत असतो. समोर हजार माणसे गलका करीत असली तरी पट्टी सुटत नाही, कारण पट्टी मागून मिळते. तमाशाच्या फडातही सुरते मागेच असतात. आमच्या खान्देशातले वहीगायन डफावर चालते. तिथेही एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे, आणि ते सारे एकमेकांना खेटून असतात.

वारकरी कीर्तनात ही रचना अधिकच नेटकी दिसते. मध्ये कीर्तनकार, पाठीशी अर्धवर्तुळात टाळकरी, त्यांच्यात विणेकरी, एका अंगाला मृदंग. कीर्तनकाराचे तोंड श्रोत्यांकडे असते, पण त्याच्या कानांना आधार पाठीकडून असतो. शास्त्रीय गायकाच्या दोन तंबोऱ्यांची जागाही त्याच्या मागेच. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर खाली बसत, म्हणजे नटाच्या थेट समोर.

सारांश, माईकपूर्व काळात प्रत्येक कलाप्रकाराने दोन वेगळ्या सोयी केल्या होत्या. श्रोत्यांसाठी कमावलेला पल्लेदार आवाज, आणि गाणाऱ्यासाठी त्याच्या जवळची माणसे. या दुसऱ्या सोयीला कधी नाव मिळाले नाही, म्हणून तिचा इतिहासही कुणी लिहिला नाही.

कर्ण्याचे तोंड

विजेच्या कर्ण्याची गोष्ट सुरू होते ती अमेरिकेत. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या जमावापुढे त्याचा प्रयोग केला. १९१९ मध्ये सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये अध्यक्ष विल्सन यांचे भाषण याच यंत्रणेवरून झाले. विल्सन त्या वेळी काचेच्या खोलीत उभे राहून बोलले. श्रोत्यांना वक्ता ऐकू येतो, पण वक्ता मात्र सभेपासून तुटलेला. पुढच्या शंभर वर्षांची अडचण त्या पहिल्या चित्रातच दिसते.

आपल्याकडे तिसाव्या दशकात काँग्रेसच्या मोठ्या सभांची ध्वनिव्यवस्था मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' ही कंपनी पाहत असे. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमध्ये सुरू केलेला हा व्यवसाय पुढे मुंबईत आला. गांधीजी आणि नेहरू यांच्या त्या काळच्या छायाचित्रांत माईकवर या कंपनीची पाटी स्पष्ट वाचता येते. आमच्या तापीपलीकडच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याची बांबूची सजावट नंदलाल बोस यांची. फैजपूरच्या सजावटीबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. मोठा जमाव खेड्यात येऊ लागला, की दूरच्या माणसापर्यंत शब्द पोचवण्याची गरजही त्याच्या मागोमाग खेड्यात येते, एवढी नोंद मी त्यात घालतो.

स्वातंत्र्यानंतर ही यंत्रणा गावोगाव गेली. अहुजासारख्या भारतीय कंपन्यांचे ॲम्प्लिफायर आणि पत्र्याचे कर्णे भाड्याने देणारा एक 'माईकवाला' प्रत्येक बाजारगावात तयार झाला. 'भोंगा' हा शब्दही तेव्हाच घसरला. मुळात तो गिरणीच्या शिट्टीचा. वरणगावला १९६४ मध्ये आयुध निर्माणी उभी राहिली, त्यामुळे कारखान्याची पाळी, भोंगा हे शब्द इथल्या घरांत रुळलेले. हळूहळू तोच शब्द कर्ण्याला लागला. एकाने वाजवायचे आणि सर्वांनी ऐकायचे, हे दोन्हींत समान होते.

या जुन्या माईकवाल्यांकडेही वाटपाची एक पद्धत होती. ॲम्प्लिफायरमधून १०० व्होल्टची लाइन काढायची, ती खांबाखांबांवरून फिरवायची आणि तिच्यावर कर्णे जोडत जायचे. प्रत्येक कर्ण्यासोबत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या खिळीवर हा कर्णा किती वॅट घेणार ते ठरते. देवळाजवळच्या कर्ण्याला कमी, वेशीवरच्याला जास्त. भुसावळ जंक्शनवर उभे राहिले की वाटपाची याहून पुढची पायरी ध्यानात येते. एखादी सूचना सगळ्या फलाटांवर द्यायची की एकाच, हे ठरवता यावे म्हणून फलाटांच्या लाइनी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पण या दोन्ही पद्धतींत वाटप होते ते फक्त प्रमाणाचे किंवा जागेचे. आवाज सगळीकडे तोच. टाळ जास्त झाला तर तो वेशीवरही जास्तच. आणि सगळ्या कर्ण्यांची तोंडे बाहेर. गाणारा कर्ण्यांच्या मागे राहिला. त्याला ऐकू येई ते भिंतींवरून आणि माणसांवरून आदळून उशिरा परतलेले स्वतःचेच घोगरे बोलणे. मागचे टाळकरी होतेच, पण बाहेरच्या दणक्यात त्यांचा आधार पुसट झाला.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सचा कार्यक्रम झाला. पंचावन्न हजारांवर श्रोते, त्यांचा अखंड आरडाओरडा, आणि मंचावर गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज परत देणारी काहीच सोय नाही. जगातले सर्वांत गाजलेले चार गायक-वादक त्या संध्याकाळी स्वतःला जवळजवळ न ऐकता वाजवत होते. अशा अनुभवांतूनच साठच्या दशकात गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर मंचावर आला. त्यालाच मॉनिटर म्हणतात. इंग्रजांच्या बोलीत फोल्डबॅक, म्हणजे दुमडून परत दिलेला आवाज.

सर्वांसाठी

येथे मिक्सरच्या पोटात थोडे शिरावे लागेल.

मिक्सरवर प्रत्येक माईकची एक उभी पट्टी असते. या पट्ट्यांमधले आवाज जिथे एकत्र येतात त्या मार्गाला 'बस' म्हणतात. हा शब्द आपल्या एसटीचाच. लॅटिनमध्ये 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये कुणालाही बसता येईल अशा घोडागाडीला ते नाव मिळाले, तिचे शेपूट तोडून 'बस' झाली, आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली तेव्हा हे शेपूट मराठीत कायमचे आले. वीजवाल्यांनी ज्या जाड पट्टीवरून सर्व जोडण्या निघतात तिला 'बसबार' म्हटले. ध्वनीच्या यंत्रांनी शब्द घेतला तो तिथून.

मुख्य बस श्रोत्यांकडे जाते. 'ऑक्स', म्हणजे ऑक्झिलरी, ही साहाय्यक बस. प्रत्येक पट्टीवर तिची वेगळी कळ असते आणि त्या कळींनी एक संपूर्ण निराळे मिश्रण तयार होते. 'मॅट्रिक्स' ही त्याच्या पुढची पायरी. ती माईक गोळा करीत नाही, तयार झालेली मिश्रणे गोळा करते आणि निरनिराळ्या जागांना निरनिराळ्या प्रमाणात देते. मॅट्रिक्सचा लॅटिन अर्थ कूस किंवा गर्भाशय. याच शब्दाचे एक लहानगे रूप नोंदवहीसाठी वापरले गेले आणि त्यातून आपली 'मॅट्रिक' परीक्षा आली. आमच्या वडिलांची पिढी जे मॅट्रिक अभिमानाने सांगत असे, ते आणि साउंडवाल्याचे मॅट्रिक्स एकाच कुशीतले.

ऑक्स : गाणाऱ्याचा वाटा

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका सप्ताहात मी सातही दिवस मागे बसून होतो. कीर्तनकार रोज बदलतात, पण गायनाचार्य तेच. चौथ्या दिवशी त्यांचा आवाज बसला. पाचव्या दिवशी ते गरम पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून ओठ हलवत होते आणि टाळकरी बाजू सांभाळत होते. लोक म्हणाले, थंडी बाधली. मंचावर मॉनिटर होता. पण त्याला जोडलेला आवाज मुख्य बसचाच होता. कर्णा शिट्टी मारू लागला की साउंडवाला मुख्य कळ खाली ओढी, आणि तत्क्षणी मंचावरचा आवाजही खाली जाई. गाणाऱ्याला वाटे आपण कमी पडतोय. तो अधिक जोर लावी.

याला शास्त्रीय नाव आहे. एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ मध्ये दाखवून दिले की, भोवती गोंगाट असला आणि स्वतःचा आवाज स्वतःला नीट येत नसला की माणूस आपोआप आवाज चढवतो. हे ठरवून होत नाही, म्हणून ठरवून थांबवणेही कठीण. सात दिवस असे चढून गाणाऱ्याचा गळा बसला तर त्यात थंडीचा दोष थोडा.

उपाय साधा होता. ऑक्समध्ये आवाज कळीच्या आधी घ्यायचा की नंतर, हे ठरवता येते. आधी घेतला, म्हणजे प्री-फेडर ठेवला, तर श्रोत्यांसाठी मुख्य कळ वर-खाली केली तरी गाणाऱ्याच्या मॉनिटरवर परिणाम होत नाही. नंतर घेतला, म्हणजे पोस्ट-फेडर, तर तो मुख्य कळीच्या मागे फरपटत जातो. ही रीत आवाजाला घुमारा देणाऱ्या यंत्रासाठी योग्य, गाणाऱ्यासाठी नव्हे. दुसरी गोष्ट मॉनिटरच्या जागेची. १९६६ पासून जगभर चालत आलेला शुअर एसएम५८ किंवा त्याच्यासारखा माईक समोरचे सर्वाधिक ऐकतो आणि पाठीमागचे सर्वांत कमी. म्हणून मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीमागे, गाणाऱ्याच्या पायांपुढे हवा. तो बाजूला सरकला की शिट्टी येते, आणि मग बिचारा मॉनिटरच बंद केला जातो. तिसरी गोष्ट मिश्रणाची. गायनाचार्यांना हवा स्वतःचा स्वर आणि पेटी. मृदंग त्यांच्या शेजारीच घुमत असतो. तो मॉनिटरमध्ये घालणे म्हणजे उगाच गर्दी. मृदंगाचार्यांना मात्र कीर्तनकाराचे शब्द हवेत, नाहीतर पूर्णविरामाला थाप कशी पडणार? म्हणजे दोघांना दोन ऑक्स.

आता ही यादी झीलकऱ्यांच्या रचनेशी ताडून पाहावी. जवळ, सतत, फक्त गरजेपुरते, आणि श्रोत्यांच्या गलक्यापासून स्वतंत्र. तुणतुणेवाला शाहिराला जे देत होता, तेच प्री-फेडर ऑक्स देतो. मधल्या काळात हरवलेली एक सोय आपण यंत्राने भरून काढली, एवढेच.

मॅट्रिक्स : दूरच्याचा वाटा

जुन्या लहान मिक्सरवर एक-दोन ऑक्स असत; मॅट्रिक्स मोठ्या, महागड्या मिक्सरवरच. चित्र बदलले ते डिजिटल यंत्रांनी. यामाहाचा डीएमपी७ हा डिजिटल मिक्सर १९८७ चा, प्रोमिक्स ०१ हा १९९४ चा. पण तालुक्याच्या साउंडवाल्याच्या आवाक्यात ही गोष्ट आली ती २०१२ मध्ये बेहरिंगरचा एक्स३२ निघाल्यानंतरच. त्यात १६ मिक्स बस आणि ६ मॅट्रिक्स. वाढप्याकडे अचानक सोळा वाट्या आल्या. पण कोणाला काय वाढायचे हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

मॅट्रिक्सचा उपयोग सप्ताहाइतका दुसरीकडे क्वचितच स्पष्ट होईल. मुख्य मंडपात मृदंग आणि पन्नास टाळ मुळातच दणदणीत ऐकू येतात. तिथल्या स्पीकरमध्ये शब्द भरपूर आणि वाद्ये नावापुरती लागतात. हेच मिश्रण जसेच्या तसे मोबाइलवरच्या प्रक्षेपणाला दिले तर पुण्या-सुरतेत बसलेल्या गावकऱ्याला मृदंगाशिवायचे कीर्तन ऐकू येते, एखादा माणूस रिकाम्या खोलीत बोलतोय असे. त्याला वाद्ये जास्त हवीत, आणि 'विठ्ठल विठ्ठल'चा गजर उचलणारा एखादा माईक श्रोत्यांकडे वळवलेला हवा. तिसरी जागा स्वयंपाकाच्या मांडवाची. तिथे फक्त शब्द, तेही हळू. साउंडवाल्याने शब्दांचा एक गट, वाद्यांचा एक आणि श्रोत्यांच्या माईकचा एक असे तीन गट आधी नीट बांधले, तर तीन मॅट्रिक्समध्ये या तीन जागांचे तीन पाक सहज निघतात.

मंडप लांब असला तर मागे स्पीकरची दुसरी रांग लागते आणि तिचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो. डिजिटल मिक्सरवर ही दिरंगाई त्या जागेकडे जाणाऱ्या वाटेवरच लावता येते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पण हा आकडा तापमानावर हलतो. पौषात रात्री दहा अंशांवर ६० मीटर कापायला त्याला सुमारे १७८ मिलिसेकंद लागतात. आमच्याकडे चैत्रात संध्याकाळीही चाळीस अंश असतात, तेव्हा सुमारे १६९. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या प्रबंधात मांडले की, जो आवाज आधी पोचतो त्याच्या दिशेला कान मूळ समजतो. म्हणून मागच्या रांगेला हिशेबाहून दहा-पंधरा मिलिसेकंद जास्तच उशीर द्यायचा. मग शेवटच्या सतरंजीवर बसलेल्या म्हातारीलाही शब्द डोक्यावरच्या स्पीकरमधून न येता समोर उभ्या असलेल्या महाराजांकडून आल्यासारखे वाटतात.

याला मी निव्वळ तांत्रिक नजाकत मानत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. एकाच टोकाला सगळे स्पीकर रचून शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे, तर पहिल्या रांगेचे कान भाजावे लागतात. तेच चार ठिकाणी थोडे थोडे वाटले तर कुणाच्याच अंगावर आवाज येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी केली. आपण या नियमांवर भांडतो ते 'वाजवायचे की नाही' या एकाच मुद्द्यावर. 'कसे वाटायचे' हा मुद्दा त्या भांडणात येतच नाही. नीट वाटलेला आवाज बराच लहान ठेवता येतो, आणि तो मंडपाच्या बाहेर फारसा जात नाही.

शेवटची ओळ

त्या सप्ताहाच्या दुसऱ्या वर्षी साउंडवाला बदलला. नवा मुलगा पंचविशीतला. कीर्तन सुरू होण्याआधी तासभर तो टॅब्लेट हातात घेऊन मंचावरच उभा राहिला. मृदंगाचार्यांच्या जागी बसून पाहिले, गायनाचार्यांच्या जागी उभे राहून पाहिले, आणि प्रत्येकाला विचारले की तुम्हाला काय हवे. गायनाचार्यांना हा प्रश्न नवा होता. इतक्या वर्षांत त्यांना तो कुणी विचारला नव्हता. त्यांनी सुचेना म्हणून प्रथम 'सगळेच द्या' म्हटले. मुलाने सगळेच दिले, आणि मग एकेक काढत गेला. पेटी आणि स्वतःचा स्वर एवढेच उरल्यावर त्यांनी हात वर केला. सातव्या दिवशी काल्याच्या कीर्तनात त्यांचा आवाज पहिल्या दिवसासारखाच होता.

त्या वर्षीची पत्रिका माझ्याकडे आहे. मंडपवाल्याच्या शेजारी, बारीक अक्षरांत, 'साउंड' या शब्दापुढे त्या मुलाच्या दुकानाचे नाव आहे. माझे एवढेच सुचवणे आहे की, ती ओळ थोडी वर घ्यावी. विणेकऱ्याच्या आणि टाळकऱ्यांच्या ओळीजवळ. कारण काम तेच आहे: गाणाऱ्याच्या मागे उभे राहून त्याला त्याचा स्वर देत राहणे.